हत्तीची सोंड आणि १६,८०३ रुपये

अण्णा गेले तेव्हा माझ्या वाट्याला नऊ रुपये आले. पंचम जॉर्जचे, चांदीचे, १९१२ ते १९२०, दर वर्षाचा एक. आजोबांचं वाईला कापडाचं दुकान होतं. गल्ल्यात आलेलं एखादं नाणं मनात भरलं की ते बाजूला काढायचे. अण्णांनी पुढे त्यातून वर्षवार निवड केली आणि प्रत्येक रुपया मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून एका पितळी डब्यात ठेवला. पंचम जॉर्जचा रुपया १९११ ते १९२२ अशी बाराच वर्षं पाडला गेला. त्यामुळे डब्यात पहिल्या वर्षाचा एक आणि शेवटच्या दोन वर्षांचे दोन, अशा तीन जागा रिकाम्या होत्या. १९२१ आणि १९२२ बद्दल अण्णा फारसं बोलत नसत. पण १९११ चं नाव निघालं की त्यांचे डोळे चमकायचे.

त्याला कारण होतं. त्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक साखळी आहे आणि साखळीत एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या ठशात त्या हत्तीची सोंड इतकी आखूड आली, की लोकांना तो हत्ती न दिसता डुक्कर दिसला. मुसलमान लोकांना ते सहन होणारं नव्हतं. गवगवा झाला, सरकारने नाणं मागे घेतलं आणि टांकसाळीत पडून असलेला बहुतेक माल वितळवला. नव्वद लाखांच्या वर रुपये पाडले होते, त्यातले सुमारे सात लाखच लोकांच्या हातात गेले असं सांगतात. १९१२ पासून ठसा बदलला, सोंड लांब झाली, हत्ती हत्तीसारखा दिसू लागला. नाणी जमवणारे १९११ च्या रुपयाला सरळ ‘डुक्कर रुपया’ म्हणतात.

हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण पुढचं सगळं प्रकरण त्या सोंडेवरच उभं राहिलं.

१३ ऑगस्ट २०२३, रविवार. एका ऑनलाइन लिलावात १९११ चा रुपया होता. फोटो दोन्ही बाजूंचा, मोठा करून बघता येईल असा. राजाच्या कानाखाली एक काळसर डाग, आणि साखळीतला तो आखूड सोंडेचा प्राणी अगदी स्पष्ट. मी संध्याकाळपासून फोन हातात घेऊन बसले होते. साडेनऊला भाव अकरा हजारांवर गेला. मी त्या फोटोचा आणि बोलीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून भावाला पाठवला आणि खाली लिहिलं, “बघ, अण्णांचा १९११.” त्याने लगेच कळवलं, “घे तू. अर्धे मी देतो.” तो स्क्रीनशॉट मी पुराव्यासाठी काढला नव्हता. आनंद वाटून घ्यायला काढला होता. सहा महिन्यांनी तोच माझ्या कागदांतला सगळ्यात भारी कागद ठरला.

साडेचौदा हजारांवर लॉट माझ्या नावावर पडला. त्यावर लिलाव कंपनीचं १२ टक्के कमिशन म्हणजे १,७४०, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी ३१३, कुरियर आणि विमा २५०. एकूण १६,८०३ रुपये. क्रेडिट कार्डाने भरले. आमच्या घरात ही लहान रक्कम नाही. मी साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. कोणत्या महिन्यात किती शिल्लक राहते ते मला पाठ असतं.

पार्सल शुक्रवारी, १८ तारखेला आलं. उघडताना व्हिडिओ काढायचं मला सुचलं नाही. पण लॅबमध्ये बावीस वर्षं काढल्यावर एक सवय अंगात भिनते. नमुना हातात आला की आधी लेबल बघायचं, मगच झाकण उघडायचं. आत नाणं पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये होतं, चारही बाजूंनी स्टेपल मारलेलं, वर लॉट नंबरची चिठ्ठी. मी ते होल्डर तसंच, एकही स्टेपल न काढता, कुरियरच्या पाकिटाशेजारी ठेवलं आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढले. मग भिंग घेतलं.

कानाखाली डाग नव्हता. डाग पुसला गेला असेल म्हणून मी साखळीकडे वळले. तिथे लांब, खाली लोंबणाऱ्या सोंडेचा एक सुरेख हत्ती होता.

नाणं उलटलं. मागे वर्ष होतं १९११.

दोन्ही गोष्टी एकाच नाण्यावर खऱ्या असणं शक्य नाही. १९११ असेल तर डुक्कर हवं, हत्ती असेल तर वर्ष पुढचं हवं. मला घाम फुटला. फसवणुकीच्या विचाराला तर अजून वेळ होता. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आपल्यालाच काही कळलेलं नाही. अण्णा असते तर त्यांना विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नाणं घेऊन गेले, पण आमच्या मायक्रोस्कोपचा काही उपयोग नव्हता. त्याचा उजेड खालून येतो, काचपट्टीवरच्या पातळ थरातून आरपार जातो. नाण्यातून कसा जाणार? म्हणून दुपारी राजवाड्याकडच्या आमच्या सराफकाकांकडे गेले. त्यांनी आधी काट्यावर ठेवलं. ११.६६ ग्रॅम. “बरोबर एक जुना तोळा,” काका म्हणाले. ब्रिटिशांचा रुपया हाच मुळात तोळ्याचं वजन होता, त्यांच्या वडिलांच्या काळात दुकानात वजनाला रुपयेच वापरायचे, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. चांदी खरी, वजन खरं, किनारीवर ओतकामाचा सांधा नाही. म्हणजे नाणं टांकसाळीतलंच. मग त्यांनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि वर्षाच्या शेवटच्या आकड्यावर बराच वेळ थांबले.

“ताई, हा एक नाही. हा दोन होता.”

मीही पाहिलं. शेवटच्या १ च्या पायाशी धातू घासलेला होता. बारीक, एकाच दिशेच्या रेघा. २ ची वरची कमान आणि खालची आडवी रेघ कानसून त्याचा १ केला होता. १९१२ चा रुपया. अण्णांच्या डब्यात त्याहून चांगला आधीच होता.

इथे एक गोष्ट सांगते, जी मला समजायला आठवडा लागला आणि जी समजली नसती तर पैसे मिळाले नसते. माझ्या हातातलं नाणं ‘नकली’ आहे हे सिद्ध करायच्या मागे मी लागले असते, तर अडकले असते. कंपनीच्या अटींत लिहिलं होतं की नाणं बनावट असल्याचं मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र सात दिवसांत आणा. सात दिवसांत असं प्रमाणपत्र मिळणं अशक्य. शिवाय कोणी म्हटलं असतं, चांदी तर खरी आहे ना, नाणं तर सरकारी आहे ना. माझा मुद्दा त्याहून साधा होता. मी ज्या नाण्यावर बोली लावली ते नाणं हे नाही. एवढं एकच वाक्य. पुढचे अकरा महिने मी प्रत्येक पत्रात ते पहिल्या ओळीत लिहिलं आणि बाकी कुठल्याही वादात शिरले नाही.

मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये याला आधार आहे. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे, असं त्याचं कलम १५ सांगतं. लिलावासाठी त्याच कायद्यात वेगळं कलम आहे, ६४. विक्रेत्याने खोटे बोलीदार उभे करून भाव चढवला असेल तर खरेदीदाराला ती विक्री रद्द करता येते, हेही त्यात आहे. माझ्या लिलावात एकच बोलीदार क्रमांक माझ्या प्रत्येक बोलीवर पाचशे चढवत होता, ते मला खटकलं होतं. पण ते मला सिद्ध करता येणार नव्हतं, म्हणून कुठेही लिहिलं नाही. दाखवता येईल तेवढंच मांडायचं, हे लॅबच्या अहवालाला लागू आहे तसं तक्रारीलाही आहे असं मला वाटतं.

१९ ऑगस्टला रात्री मी कंपनीला ई-मेल केला. फोन केला नाही. खरं म्हणजे आधी केला होता. तिथल्या मुलाने गोड बोलून “बघतो मॅडम” म्हटलं आणि त्याचा कुठे काही मागमूस उरला नाही. मेलमध्ये लॉट नंबर, बिलाचा नंबर, बंद होल्डरचे फोटो, वर्षाच्या आकड्याचा जवळून काढलेला फोटो, आणि शेवटी स्पष्ट लिहिलं की नाणं परत द्यायला मी आज तयार आहे, कुणाला पाठवू ते कळवा. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा निव्वळ सभ्यपणा म्हणून लिहिलं होतं. बँकेकडे तेच कामाला आलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. लिलावातली विक्री अंतिम असते, माल ‘जसा आहे तसा’ विकला जातो, उघडतानाचा व्हिडिओ नाही, त्यामुळे नाणं तुमच्याकडे बदललं गेलं नसेल कशावरून. पुढे एक वाक्य होतं, जुन्या वस्तूंची हौस करणाऱ्याने एवढी जोखीम धरायची असते.

ते वाक्य वाचून मला राग आला, आणि तो राग अजून आहे. हौस करणारा माणूस म्हणजे पैसे उधळणारा माणूस, आणि त्याने फसलं तर गप्प बसावं, असं धरूनच अनेक जण चालतात. माझ्या ओळखीतल्या तिघांनी मला नंतर सांगितलं की त्यांचंही असं झालं होतं. एकाचं पेन, एकीचा ग्रामोफोन, एकाची स्टँपची पानं. कोणीच तक्रार केली नव्हती. घरात कळलं तर काय म्हणतील, ही लाज. मलाही ती वाटली. ह्यांना सांगायला मी चार दिवस घेतले. हे ऐकून एवढंच म्हणाले, “लाज तुला कशाची? कागद काढ.”

मी लॉटचं पान पुन्हा उघडायला गेले तर ते निघत नव्हतं. फोटो गेला होता. तेव्हा भावाला पाठवलेला तो स्क्रीनशॉट आठवला. त्यात लॉट नंबर होता, तारीख-वेळ होती, काळा डाग होता आणि डुक्कर होतं.

आता बँकेचं. इथे मी चूक केली आणि तिने मला तीन आठवडे मागे नेलं, म्हणून नीट सांगते. कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागता येतात, त्याला चार्जबॅक म्हणतात. बँकेच्या ॲपवर तक्रारीचं कारण निवडायचं होतं. मी ‘फसवणुकीचा व्यवहार’ निवडलं, कारण माझी फसवणूक झाली होती. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे. त्याचा अर्थ, हा व्यवहार मी केलाच नाही, कार्ड दुसऱ्याने वापरलं. बँकेने तपासलं, ओटीपी माझ्याच फोनवर आला होता आणि मीच टाकला होता. १२ सप्टेंबरला तक्रार फेटाळली. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं.

योग्य कारण आहे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’. माझं कार्ड व्हिसाचं आहे, त्यांच्या यादीत या कारणाला १३.३ हा क्रमांक आहे. मास्टरकार्डकडे असंच कारण ४८५३ खाली येतं. साधारण १२० दिवसांची मुदत असते. आणि यात एक अट असते, जी कोणी आपणहून सांगत नाही. वस्तू परत केली किंवा परत करायचा प्रयत्न केला, हे दाखवावं लागतं. माझ्याकडे तो १९ ऑगस्टचा मेल होता. १५ सप्टेंबरला मी पुन्हा अर्ज केला. या वेळी ॲपवर नाही, शाखेत जाऊन, लेखी, पोच घेऊन. ९ ऑक्टोबरला १६,८०३ रुपये खात्यावर तात्पुरते जमा झाले. मला वाटलं सुटले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते परत वळते करून घेतले. कंपनीने आपल्या अटींची प्रत आणि पार्सल पोचल्याची पावती दिली होती, आणि बँकेने ते पुरेसं मानलं. त्या दिवशी मी लॅबमधून घरी येताना बसमध्ये रडले. सणाच्या खर्चात ते पैसे धरून बसले होते.

मधल्या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनलाही कळवलं होतं. १९१५ हा नंबर. मराठीत बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि ते कंपनीला तक्रार पाठवतात. त्यांचा आदेश नसतो, हे आधीच माहीत असावं. कंपनीने तिथेही तेच उत्तर चिकटवलं. तरीही ती तक्रार केली ते बरं झालं, कारण कंपनीला कितीदा संधी दिली याची नोंद सरकारी ठिकाणी राहिली. त्याच सुमारास मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही वेगळं लिहिलं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे असा अधिकारी नेमणं आणि त्याचं नाव संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात तक्रार सोडवायची. मला पोच नवव्या दिवशी आली. उत्तर आलंच नाही. मी दोन्ही तारखा वहीत लिहून ठेवल्या.

त्याच नियमांतला सहावा नियम मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. जाहिरातीत दाखवलेल्या गुणवैशिष्ट्यांशी वस्तू जुळत नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. वाचून मी बराच वेळ तशीच बसले. म्हणजे ‘विक्री अंतिम’ हे त्यांनी स्वतः लिहिलेलं वाक्य होतं आणि हा देशाचा नियम होता. चार महिने मी त्यांच्या वाक्याला नियम समजत होते.

जानेवारी २०२४ मध्ये नोटीस पाठवली. वकील लावला नाही. नाणी जमवणाऱ्या मंडळातले पुण्याचे एक काका आयुष्यभर न्यायालयात लिपिक होते, त्यांनी मला मसुदा करायला शिकवलं. दीड पान. काय घेतलं, काय आलं, कधी कळवलं, काय उत्तर आलं, पंधरा दिवसांत १६,८०३ रुपये द्या, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. विशेषणं त्यांनी सगळी काढून टाकली. ‘निर्लज्जपणे’ हा शब्द मी हट्टाने ठेवला होता, तोही त्यांनी खोडला. “न्यायाधीश ते स्वतः ठरवतील, तू तारीख लिही,” असं म्हणाले.

पंधरा दिवसांनी काही आलं नाही. वाट बघून फेब्रुवारीत तक्रार दाखल केली.

ज्यांना आयोग म्हटलं की पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी सांगते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी दुसऱ्या राज्यात होती, मी साताऱ्यातच दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. तक्रार मराठीत लिहिली. मुदत दोन वर्षांची. तेव्हा दाखल करायला ‘ई-दाखिल’ हे पोर्टल होतं, २०२५ पासून त्याची जागा ‘ई-जागृती’ने घेतली आहे. मी पोर्टलवर भरून छापील संचही नेऊन दिला. नोटरीसमोर शपथपत्र केलं. स्क्रीनशॉट आणि ई-मेल जोडताना पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र जोडलं, म्हणजे हे माझ्याच फोनमधून काढलेलं आहे आणि त्यात बदल केलेला नाही असं मीच लिहून द्यायचं. (१ जुलै २०२४ पासून तो जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात याची तरतूद कलम ६३ मध्ये आहे.) कागदांची यादी केली. एकोणीस कागद. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख. ते काम मला जमतं. रोज तेच करते.

सगळ्यात महत्त्वाचं पान मी स्वतः तयार केलं होतं. डावीकडे लिलावातला फोटो, उजवीकडे बंद होल्डरमधल्या नाण्याचा फोटो, आणि दोन्हींवर लाल पेनाने तीन गोल. डाग, सोंड, आकडा. खाली एकच ओळ, १९११ च्या रुपयावर सोंड आखूड असते, १९१२ पासून लांब आहे. नाण्यांबद्दल काहीही माहीत नसलेल्या माणसालाही अर्ध्या मिनिटात कळेल असं ते पान होतं. आकड्याच्या ओरखड्यांवर तज्ज्ञ वाद घालू शकतात. हत्तीवर घालू शकत नाहीत.

आयोगाची नोटीस निघाल्यावर कंपनीचा पहिला फोन आला. आठ महिन्यांत त्यांनी केलेला पहिला. अर्धे पैसे देऊ म्हणाले. मी नाही म्हटलं. दोन दिवसांनी पूर्ण रक्कम देऊ म्हणाले, पण त्यांच्याच संकेतस्थळावर पुढच्या खरेदीसाठी जमा म्हणून. त्यालाही नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर दोन्ही वेळा मी त्यांना मेल केला, आज इतक्या वाजता आपण असा प्रस्ताव ठेवलात आणि मी नाकारला. फोनवरचं बोलणं कागदावर आणायचा मला दुसरा मार्ग माहीत नव्हता.

त्यांच्या लेखी जबाबात एक नवाच मुद्दा होता. जुनी नाणी ही गुंतवणूक असते, मी नफ्यासाठी घेतलं, म्हणून मी कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच नाही. पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणारा ग्राहक नसतो हे खरं आहे. मी उत्तरात अण्णांच्या डब्याचा फोटो लावला. नऊ नाणी, मलमलीचे नऊ तुकडे, आणि झाकणाच्या आत अण्णांच्या अक्षरात चिकटवलेली बारा वर्षांची यादी, तीन वर्षांपुढे जागा मोकळी. आजपर्यंत यातलं एकही नाणं विकलेलं नाही, असं शपथेवर लिहिलं. तो फोटो काढताना मला वाटलं अण्णा माझ्या बाजूने साक्ष द्यायला आलेत.

सुनावणीच्या दुसऱ्या तारखेला, जुलै २०२४ मध्ये, त्यांचे वकील आले. तरुण होते. ते लाल गोलांचं पान त्यांनी बाहेर बाकावर बसून वाचलं आणि मला विचारलं, “ताई, हे खरंच डुक्कर दिसतं हो. हे नाणं असं का काढलं होतं?” मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, मॅकेनल नावाच्या शिल्पकारापासून वितळवलेल्या लाखो रुपयांपर्यंत. ते ऐकत राहिले. मग उठून फोन करायला गेले. परत आल्यावर म्हणाले, पूर्ण रक्कम आणि खर्चाचे साडेतीन हजार, तडजोड करू या का?

मानसिक त्रासाचे दहा हजार मी मागितले होते. ते सोडले. सोडावेत की नाही यावर घरी नंतर वाद झाला, भाऊ अजून म्हणतो की मी घाई केली. मला तसं वाटत नाही. मला माझे १६,८०३ हवे होते आणि त्यांचा एक शब्द हवा होता.

तो शब्द मी पुरसीसमध्ये लिहून घेतला. पक्षकार आयोगाला जे लेखी निवेदन देतात त्याला पुरसीस म्हणतात, आमची तडजोडीची होती. रक्कम, मुदत, नाणं परत दिल्याची नोंद हे सगळं झाल्यावर मी म्हटलं, अजून एक ओळ. हे नाणं यापुढे १९११ चं म्हणून विकलं जाणार नाही. वकील जरा थांबले. त्यांना वाटलं पैसे मिळाल्यावर याचा माझ्याशी काय संबंध. मी त्यांना सांगितलं की हे नाणं परत तुमच्या कपाटात गेलं, की पुढच्या रविवारी माझ्यासारखं कोणीतरी फोन हातात घेऊन बसलेलं असेल. त्यांनी ओळ लिहिली. मी पर्समधून होल्डर काढलं, वकिलांनी नाणं बघितलं, दोघांनी सह्या केल्या.

पैसे सतराव्या दिवशी खात्यात आले. २०,३०३. अर्धे भावाला पाठवायला निघाले तर त्याने घेतले नाहीत, १९२२ साठी ठेव म्हणाला.

त्यानंतरच्या दिवाळीआधी मी त्यांच्या लिलावाचं पान उघडून पाहिलं. लॉट होता. तोच रुपया, लांब सोंडेचा, मी ओळखला. खाली लिहिलं होतं, पंचम जॉर्ज, एक रुपया, १९१२, वर्षात फेरफार केलेला. सुरुवातीची बोली आठशे रुपये. मी स्क्रीनशॉट काढला, त्यावर तारीख लिहिली आणि फाइलमध्ये विसावा कागद म्हणून लावला.